कै. ए. कु. मॅ.

मराठी माणसाच्या घराण्यात एक पणजोबा असतो आणि तो कधीही बुटका नसतो. तो सहा फूट उंच असतो, त्याच्या मिशीवर लिंबू ठरतं, एका बैठकीला तो बारा भाकरी खाऊन वर तांब्याभर दूध रिचवतो, आणि ओसरीवर नुसता खाकरला की माजघरातल्या बायकांचे पदर आपसूक पुढे येतात. त्यानं नुसत्या हातांनी रानडुक्कर लोळवलेलं असतं, जत्रेच्या फडात नामांकित पैलवान चीत केलेला असतो, मामलेदाराला तोंडावर सुनावलेलं असतं आणि भावकीशी पडलेला बांधाचा दावा वरच्या कोर्टापर्यंत नेऊन जिंकलेला असतो. रेल्वेत किंवा लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी मराठी माणसं शेजारी बसली की तासाभरात दोघांचे पणजोबा एकमेकांना भेटतात आणि दोघेही अजिंक्य निघतात. आता कुस्तीला दोन माणसं लागतात आणि दाव्याला दोन पक्ष. सगळ्यांचेच पणजोबा जिंकले असतील तर हरलं कोण? हरलेल्यांना पोरंबाळं झालीच नाहीत असं मानायला काही आधार नाही. उलट गेल्या दीडशे वर्षांत जमिनी ज्या वेगानं सावकारांच्या नावावर चढल्या तो पाहता हरलेल्यांचीच संख्या दांडगी असली पाहिजे, आणि त्यांची पतवंडंही आज रेल्वेत बसून रानडुकराची गोष्ट सांगत असली पाहिजेत. यातून निघणारं अनुमान जरा उद्धट आहे, पण पुराव्याला धरून आहे: जुन्या काळच्या खेड्यातला घरचा कर्ता जिवंतपणी बेताचाच माणूस होता. ज्याला घरदार थरथर कापतं तो कर्ता त्याच्या मरणानंतर तयार झाला, आणि त्याचा खरा अंमल अजून चालू आहे.

आधी वयाचं पाहू. गोष्टीतला पणजोबा सदैव सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा. पण विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मणाऱ्या जिवाचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होतं. ही सरासरी तान्ह्या मुलांच्या मृत्यूंनी खाली ओढलेली होती आणि बालपण निभावून गेलेला माणूस बरीच वर्षं जगे, हा आक्षेप रास्त आहे. तो मान्य करूनही १८७६-७८चा दुष्काळ, १८९६ला मुंबईत उतरून खेडोपाडी पोचलेला प्लेग, १८९९-१९००चा दुष्काळ आणि १९१८चा इन्फ्लुएन्झा एवढ्या चाळण्यांतून सत्तरीपर्यंत गळून न पडता आलेले म्हातारे घरटी एक मिळणं अवघड. घरोघरचा कर्ता पुष्कळदा बाविशी-पंचविशीतच कर्ता झालेला असे. बाप प्लेगात गेला, चुलता देशोधडीला लागला, आणि ज्याच्या ओठांवर नुकती लव फुटली होती तो पोरगा ओसरीवर बापाच्या घोंगडीवर जाऊन बसला. त्यानं पहिली गोष्ट कोणती केली असेल? मिशी वाढवली असेल. दुसरी, खाकरायला शिकला असेल. धाकटे भाऊ वयानं दोन-दोन वर्षांनी लहान, त्यातला एक अंगानं त्याच्याहून थोराड, आई विधवा पण घरातलं सगळं तिला माहीत, आणि सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते कुणालाच माहीत नाही. अशा अवस्थेत माणसाच्या हाती खाकरण्याखेरीज दुसरं साधन उरत नाही.

दुसरा पुरावा पंगतीचा. ‘आमच्या घरी रोज पन्नास पानं उठायची’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं आहे की त्या हिशेबानं देशाची लोकसंख्या तेव्हाच आजच्याइतकी असायला हवी होती. प्रत्यक्षात इंग्रजांनी सुरुवातीच्या खानेसुमाऱ्या केल्या तेव्हा घरामागे सरासरी माणसं भरली पाचाच्या आसपास. ए. एम. शहा यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी पुढे हेच सांगितलं, की अवाढव्य एकत्र कुटुंब हा पूर्वीही सरसकट नियम नव्हता. ते जमीनजुमला असलेल्या थोड्या घरांचं वैभव होतं. ‘पण आमच्याकडे खरंच पन्नास पानं असत,’ असं कुणी हटकून म्हणेलच. असतीलही. त्या पन्नासांत दोन सालगडी, पाऊस उघडायची वाट बघत राहिलेले पाव्हणे, लेकीच्या घरून बैल मागायला आलेला व्याही, नवऱ्यामागे माहेरी परतलेली आत्या, तिची चार मुलं आणि दुपारच्या भाकरीला बरोबर वेळेवर पोचणारा एक लांबचा भाऊबंद धरावा लागेल. शिवाय गोष्ट सांगायची फुरसत आणि ऐकणारा श्रोता हे दोन्ही मोठ्या घरालाच परवडतं. तीन माणसं आणि एक शेळी असलेल्या घरातल्या कर्त्याला दंतकथा चिकटत नाही, कारण त्याच्या खाकरण्यानं फार तर शेळी बिचकायची.

आता या कर्त्याचा दिवस बघावा. तो पहाटे उठे, किंवा निदान पहाटे जागा होऊन ‘अजून कुणी उठलं नाही का?’ असं विचारी. वास्तविक हा प्रश्न कानी पडे तेव्हा घरातल्या बायकांचं अर्धं दळण सरलेलं असे. मग तोंड धुणं, ओसरी, चंची, अडकित्ता. चंचीतून सुपारी काढून ती कातरण्याला जो वेळ लागे तेवढ्या वेळात सालगडी बैल सोडून रानात पोचलेला असे. पंगतीत पहिलं ताट कर्त्याचं. बळदातल्या जोंधळ्याची किल्ली त्याच्या करगोट्याला, पण जोंधळा किती उरलाय हे ठाऊक त्याच्या बायकोला, कारण बळदाला खालच्या अंगाला जे भोक असतं त्याला कुलूप नसे. शेतीतला निर्णय त्याच्याच तोंडून निघे, यात शंका नाही. फक्त तो त्याच्या तोंडापर्यंत नेऊन पोचवायचं काम दुसरं कुणी तरी करी.

“आबा, वाफसा आलाय. उद्या पेरणी धरावी म्हणतो.”

“धरा.”

“नाही तर दोन दिवस थांबावं?”

“थांबा.”

“पण गडी उद्याच मोकळे आहेत.”

“मग मी सांगतोय काय मघापासून? उद्याच धरा!”

आणि दुसऱ्या दिवशी गावात बोलबाला होई, की आबांचा अंदाज कधी चुकत नाही. पावसाच्या बाबतीतही हेच. मृग लागायच्या सुमाराला तो अंगणात येऊन, कपाळाला हात लावून पश्चिमेकडे पाही आणि म्हणे, ‘येईल, पण सांगता येत नाही.’ या वाक्याला खोटं पाडेल असा पाऊस अजून पडायचा आहे. बैलाच्या बाजारात मात्र त्याची खरी हुशारी दिसे. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवावा तो त्यानंच. दात, शिंगं, खांद्याचा घट्टा, चालताना पडणारं पाऊल, काहीही त्याच्या नजरेतून सुटत नसे. गावातल्या प्रत्येक बैलाची त्याला तीन पिढ्यांची वंशावळ पाठ असे. घरातली वंशावळ मात्र तेवढी पक्की नसे. अंगणातून नागडं पळणारं पोर बघून तो मोठ्यानं विचारी, “हे कुणाचं?” आणि आतून उत्तर येई, “आपलंच हाय.” त्यावर तो ‘असं?’ म्हणून पुन्हा सुपारीकडे वळे.

इथं विचारी वाचक हरकत घेईल, की असा निष्क्रिय माणूस घराला हवा कशाला होता? तो नसता तर घर फुटलं असतंच ना? प्रश्न बिनतोड आहे आणि त्याचं उत्तर खळ्यात सापडतं. मळणीला खळ्याच्या मधोमध तिवडा रोवतात. बैल त्याच्याभोवती फिरतात, कणसं तुडवतात, पात हाकणारा घसा कोरडा होईतो ओरडतो, बायका काडी सारतात, आणि दिवसभर जागचं न हललेलं एकच काही असेल तर तो तिवडा. त्यानं दाणा पाडलेला नसतो. पण तो काढला तर बैल सरळ शेजाऱ्याच्या वैरणीकडे जातात. तेव्हा कर्ता काही करत नव्हता हे त्याच्या विरुद्ध देण्याचं कारण नव्हे. त्याची नेमणूकच तेवढ्यासाठी होती. भांडण फक्त इतकंच, की संध्याकाळी धान्याची रास पडल्यावर तिवड्याच्या पतवंडांनी ‘आमच्या पणजोबांनी एकट्यानं मळणी केली’ असं सांगू नये.

कायदा तर या बाबतीत पतवंडांहून कितीतरी स्पष्ट आहे. नऊएकशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वर नावाच्या पंडितानं याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क देऊन टाकला. बंगालात चालणारा ‘दायभाग’ याच्या उलट: बाप जिवंत आहे तोवर सगळं बापाचं. म्हणजे बंगाली बाप जेव्हा डोळे वटारून ‘तुला कवडी मिळणार नाही’ म्हणे तेव्हा त्या धमकीत दम होता. आमच्या मुलुखातला बाप मिताक्षराच्या अमलाखाली; पाळण्यात पाय झाडणारं पोर त्याच्या बरोबरीचं हिस्सेदार, आणि तो स्वतः त्या मिळकतीचा केवळ व्यवस्थापक. तरीही त्यानं पिढ्यान् पिढ्या हीच धमकी ओसरीवरून दिली आणि पिढ्यान् पिढ्या मुलं तिला घाबरली, कारण मिताक्षरा धमकी देणाऱ्यानंही वाचली नव्हती आणि ऐकणाऱ्यानंही. शास्त्र संस्कृतात ठेवल्याचा एवढा रोकडा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल. आणि ज्या बाईनं बळदाच्या खालच्या भोकातून अर्धशेर जोंधळा काढून ऐनवेळी घराची अब्रू राखली तिच्यासाठी विज्ञानेश्वरानं निदान स्त्रीधनाचं प्रकरण तरी लिहिलं होतं. जमिनीत बाईचं नाव यायला मात्र १९३७, १९५६, १९९४ आणि २००५ असे चार कायदे लागले, आणि तेवढं झाल्यावरही भाऊबीजेच्या ताटात ओवाळणीशेजारी हक्कसोडपत्र ठेवायची पद्धत निघालीच.

थोरपणाची ही हौस इंग्रजी अमलात किंवा दुष्काळात उपजली असंही नाही. मराठेशाहीतली कागदपत्रं चाळली तर पाटीलकीच्या वतनात थोरली शाखा कोणती आणि धाकटी कोणती यावरून तीन-तीन पिढ्या चाललेले वाद सापडतात. गोतसभा बसायची, महजर व्हायचा, साक्षीपुराव्यानं निभत नसलं तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत घालून मोहोरबंद करायचा, काही दिवसांनी उघडून पाहायचा. हात शाबूत तर आपण थोरले, भाजला तर धाकटे. पणाला काय लागलेलं असे? पोळ्याला कुणाचा बैल पुढे, होळीला कुणाची पोळी आधी, सरकारी कागदावर कुणाचं नाव वर. यावर इतिहासाचे जाणकार सांगतील, की मानपानामागे इनाम जमीन आणि हक्काचं उत्पन्न होतं, तेव्हा याला नुसता पोकळ मान म्हणू नये. कबूल आहे. पण उत्पन्नाची वाटणी ठरल्यावरही मानासाठी भांडण चालू राहिल्याचे दाखले काही थोडे नाहीत. दुःख एवढंच, की पुढे कुणी जायचं हे ठरवायला माणसांनी तेलात हात घातले आणि बैलांना एकदाही विचारलं नाही. त्यांची पसंती बहुधा मागच्या जागेला पडली असती. वाजंत्री पुढच्याच्या कानाशी वाजतात.

कर्त्याचा खरा तपास लागे तो त्याच्या मरणानं. खरं तर त्याची सूचना त्यानं वीस वर्षं आधीपासून दिलेली असे. ‘आम्ही काय आता पिकलं पान’ हे त्यानं चाळिशीत सुरू केलेलं, आणि प्रत्येक दिवाळी ही त्याची शेवटची असल्यामुळे प्रत्येक दिवाळीला त्याला नवीन धोतरजोडी मिळे. मरायचं मात्र ऐन पेरणीत. कुठल्याही घराण्यातला कर्ता चैत्रात, सुगी उरकून, लोक रिकामे असताना वारल्याचं ऐकिवात नाही. शेवटच्या शब्दांबद्दल घराण्यात दोन मतं असतात. थोरल्या शाखेच्या म्हणण्याप्रमाणे आबांनी ‘सगळे एकत्र राहा’ असं सांगून डोळे मिटले. धाकट्या शाखेच्या म्हणण्याप्रमाणे आबांनी ‘मळ्याची विहीर धाकट्याला’ असं स्पष्ट म्हटलं होतं आणि ते पाणी पाजणाऱ्या थोरल्या जावेनं मुद्दाम ऐकलं नाही. शेजारच्या म्हातारीच्या मते आबांनी बैलांना वैरण घातली का एवढंच विचारलं. तिघांत तटस्थ तीच असल्यामुळे तिच्या साक्षीला वजन द्यायला हवं.

मग दहावा. नदीकाठी पिंड मांडले जातात, मंडळी कावळ्याची वाट बघतात, आणि आयुष्यात प्रथमच कर्त्याला काय हवं होतं याची घरात चौकशी सुरू होते. थोरला हात जोडून पुढे होतो: “आबा, धाकट्याचं लग्न लावून देऊ.” कावळा मान वाकडी करून बघतो. “विहिरीचं काम पुरं करू.” कावळा फांदी बदलतो. “आत्याला अंतर देणार नाही.” काही नाही. “तुमची चंची आहे तश्शी ठेवू.” ऊन चढतं, लहान पोरं भुकेनं रडायला लागतात, आणि एकेक करून कबुलीजबाब बाहेर पडतात: कुणी न सांगता विकलेलं गोऱ्हं, कुणी परस्पर उचललेली पट्टी, कुणी भावकीला दिलेला शब्द. शेवटी सगळे दमून झाडाच्या सावलीला सरकतात आणि कावळा उतरतो. यावर कुणी म्हणेल, की माणसं पिंडापासून दूर झाली म्हणून तो उतरला. दहा-वीस माणसं हात जोडून घोळका करून उभी असताना कुठलाही शहाणा पक्षी जवळ येणार नाही. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच सावलीकडे वळायच्या आधी ज्यानं शेवटचं वचन दिलं त्याच्याच डोक्यावर ते बसतं. अनुभवी भाऊ लवकर बोलून मोकळे होतात, ते याचमुळे. अगदीच वेळ गेला तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायची सोय शास्त्रानं ठेवली आहे. एवढी व्यवहारी तरतूद पुढे कुठल्याच सरकारी खात्याला सुचलेली दिसत नाही.

बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात तर याहून मोठी गंमत आहे आणि ती कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही. गेलेला कर्ता त्या दिवशी पितरांत दाखल होतो. पण पितरांच्या त्या पंक्तीत मुख्य जागा तीनच: बाप, आजा, पणजा. नवा आला की सर्वांत वरचा चौथा ठरतो आणि त्याला पिंडाच्या मानाची जागा सोडून, हाताला लागलेल्या लेपावर समाधान मानावं लागतं. जो माणूस हयातीत कुणाच्या सांगण्यावरून ओसरीवरची घोंगडी सोडायला तयार नव्हता त्याला इथं नियमानं निवृत्ती घ्यावी लागते. घरातल्या कर्तेपणाला वयाची अट कधीच नव्हती. ती आमच्या पूर्वजांनी मेल्यावर लावली.

तेरावा उरकतो न उरकतो तोच घोंगडीखालची लोखंडी पेटी उघडते आणि मघाच्या ‘अजिंक्य’ पणजोबाची दुसरी बाजू दिसू लागते. मुलांनी बापाचं देणं फेडावं हे धर्मशास्त्रानंच सांगितलेलं असल्यामुळे कर्ज हा एकमेव वारसा असा होता, की तो वाटणीच्या भांडणाशिवाय सगळ्यांना मिळे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी उठले तेव्हा त्यांचा मुख्य डोळा सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच झालं. त्यातले पुष्कळ रोखे बापजाद्यांच्या कर्जावर व्याज चढवून पुन्हा पुन्हा लिहिलेले होते. साहेब लोकांचा लाडका सिद्धान्त असा, की हा शेतकरी लग्नांत उधळतो म्हणून बुडतो. कर्त्याच्या बाजूनं एवढं सांगितलंच पाहिजे, की त्या दंग्यांच्या चौकशीला बसलेल्या आयोगानंच हा सिद्धान्त फाजील रंगवलेला असल्याचं म्हटलं. साऱ्याचे हप्ते रोख भरायचे, पाऊस बेभरवशाचा, कापसाची तेजी ओसरलेली. यात मिशीला पीळ देऊन काही भागण्यासारखं नव्हतं. १८७९मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि त्यानं थोडंफार भागलं. पण तेराव्या दिवशीची रीत काही बदलली नाही. ‘आबांनी माझ्याकडून नेले होते’ असं म्हणत दारात चार जण येतात. ‘मी आबांचं देणं लागतो’ असं म्हणत आलेला माणूस मराठी मुलुखात अजून नोंदला गेलेला नाही.

कुणी म्हणेल, ही मेलेल्यांची थट्टा झाली. पण थट्टा कुणी चालवली आहे ते नीट बघावं. पंचविशीत बाप गमावलेला, चार भावंडं, दोन बहिणींची लग्नं आणि वाचता न येणारा रोखा पदरात घेऊन घोंगडीवर बसलेला, भ्यालेला, तरी रोज सकाळी ठरल्या वेळी खाकरून सगळं ठीक असल्याची ग्वाही देणारा तो पोरसवदा माणूस गोष्टीतून साफ पुसून टाकला, आणि त्याच्या जागी बारा भाकरी खाणारा बाहुला उभा केला, तो त्याच्या लाडक्या पतवंडांनी. त्या पोराला पाच भाकरीही पुऱ्या मिळत असतील की नाही, शंकाच आहे.

राहता राहिली जमीन, आणि इथं मात्र तो खरोखर अजिंक्य आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ला छापला. १७७१मध्ये तिथं सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१४-१५पर्यंत ७ एकरांवर आली होती. चार कर्ते मेले की एवढं होतं. १९४७ला तुकडेबंदीचा कायदा आला. त्यानं कागदावरचे तुकडे बंद झाले आणि रानातले चालू राहिले. पिंपळे सौदागरात आता जमीन एकरात मोजायची पाळी फारशी येत नाही, चौरस फुटातच काम भागतं. पण जिथं अजून शेत आहे तिथं सातबारावर कर्ता ठाण मांडून बसलेला असतो, नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही पदवी लावून. एकत्र कुटुंब मॅनेजर. विज्ञानेश्वरानं त्याला जे म्हटलं होतं तेच तलाठ्यानं तीन अक्षरांत बसवलं. सोय म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलं, धाकट्यांनी ‘दादा काय परका आहे?’ म्हणून सोडून दिलं, आणि दोन पिढ्यांनी थोरल्याच्या नातवानं सातबारा पुढे करून विचारलं, ‘तुमचं नाव कुठं दिसतंय?’ महाराष्ट्रातल्या वकिलांची कितीतरी मुलं या तीन अक्षरांवर शिकली.

माणूस वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी खबर द्यावी, असं कायद्यात आहे. व्यवहारात तीन पिढ्यांच्या आत दिली तरी घाई केली असं मानतात, कारण खबर द्यायची म्हणजे वारसांची यादी करायची. त्यातले काही मुंबईत, एक सुरतेला, एक अमेरिकेत, एका शाखेशी १९७२च्या दुष्काळापासून बोलणं बंद, आणि तीन आत्यांच्या लेकींची सासरची नावं कुणालाच आठवत नाहीत. त्यापेक्षा आबा असू द्यात. आबा सही मागत नाहीत, हिस्सा मागत नाहीत, भांडत नाहीत. खातेदार म्हणून इतका समजूतदार माणूस ते जिवंतपणी कधीच नव्हते. अखेर २०२५मध्ये महसूल खात्यालाच मयत खातेदारांची नावं कमी करून वारस लावायची मोहीम काढावी लागली. बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन ती राज्यभर गेली आणि तिचं नाव ठेवलं ‘जिवंत सातबारा’. मेलेल्या माणसाला मेलेला ठरवायला सरकारला मोहीम लागावी, हा त्याच्या दराऱ्याचा पहिला लेखी पुरावा म्हणता येईल.

पण मोहिमेलाही कागद लागतो. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर पणजोबाचं नाव निवडून, त्याच्या मरणानंतर चाळीसएक वर्षांनी मुलखात आलेल्या सोयाबीनची नोंद त्याच्या नावे करणारा पतवंड एकदाचा कंटाळून सज्जाच्या ठिकाणी जातो, तेव्हा जे संभाषण व्हायचं ते ठरलेलंच आहे.

“भाऊसाहेब, यांचं नाव कमी करायचंय. वारलेत.”

“कधी?”

“बेचाळीसच्या सुमाराला.”

“मृत्यूचा दाखला?”

“तेव्हा कुठला दाखला?”

“मग कोतवाल बुकाची नक्कल काढा तहसिलातून. मोडीत असेल, वाचणारा बघा.”

पतवंड चार खेपा घालतो. मोडी वाचणारा मिळतो, बुकही मिळतं, आणि त्या सालाची पानं वाळवीनं खाल्लेली निघतात. तो पाचव्यांदा सज्जावर येऊन हे सांगतो. तलाठी चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे ऐकून घेतो.

“म्हणजे ते वारले, याला पुरावा नाही.”

“नाही.”

“मग सातबारा बरोबर आहे.”